उभी राहिलेली जुनी अमेरिकन गाडी: कागदापासून रस्त्यापर्यंत

कुणाच्या तरी शेडमध्ये, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली साठच्या दशकातली मस्टँग किंवा इम्पाला दिसली की बघणारा हमखास विचारतो, "चालू होते का?" विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "लावली तेव्हा मस्त चालत होती." हा संवाद तूर्त बाजूला ठेवा. बंद पडलेलं इंजिन हे अशा गाडीचं बहुतेक वेळा सर्वांत सोपं दुखणं असतं. लोक बुडतात ते नसलेल्या कागदांत आणि आतून खाल्लेल्या पत्र्यात. म्हणून या लेखात इंजिनाची पाळी उशिरा येते, आणि तुमच्या गॅरेजमध्येही ती उशिराच यावी.

हा लेख अमेरिकेत राहून तिथलीच, साधारण १९५५ ते १९७५ मधली गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. मेकॅनिक असायची गरज नाही. हात काळे करायची तयारी आणि घाई न करण्याचा स्वभाव, एवढं असलं तर भागतं.

१. मॉडेल निवडताना सुटे भाग बघा

पहिली गाडी असेल तर जिचे भाग आजही नवे बनतात तीच घ्या. फोर्ड मस्टँग, शेवरले कमॅरो, शेव्हेल, शेवरले सी-१० पिकअप यांचे फ्लोअरचे पत्रे, फेंडर, रबरी पट्ट्या, सीटची कव्हरं, सगळं कॅटलॉगमधून घरपोच येतं. उलट स्टुडबेकर, पॅकार्ड, हडसन अशा केव्हाच बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण टेल-लँपच्या एका काचेसाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागू शकते. हौस म्हणून घ्या, फक्त दुसरी गाडी म्हणून.

चार दारांची गाडी त्याच वर्षाच्या दोन दारांच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा तेच असतात. शिकायला म्हणून मला तरी चार दारांचीच गाडी शहाणपणाची वाटते, मित्र काहीही म्हणोत.

गाडीचं आयुष्य कुठं गेलं तेही विचारा. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचा तळ खातं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातली गाडी उन्हानं करपलेली असेल, डॅशबोर्ड फाटलेला असेल, पण पत्रा शाबूत असण्याची शक्यता जास्त. सीट शिवून घेता येते. कुजलेली चॅसी दुरुस्त करणं ही निराळीच लढाई आहे.

२. कागद: गाडी बघायला जाण्याआधीच

गाडीची मालकी टायटल या कागदावर ठरते. तो राज्य सरकार देतं आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. फोनवरच टायटलचा फोटो मागा. "आहे कुठंतरी, शोधतो" असं उत्तर आलं तर सापडेपर्यंत पेट्रोल जाळून जाऊ नका.

टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचं नाव एकच असलं पाहिजे. पुष्कळदा गाडी मधल्या माणसानं घेतलेली असते, आधीच्या मालकाची सही असते, पण यानं ती स्वतःच्या नावावर केलेलीच नसते. याला टायटल जंपिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. मूळ मालक आता सापडत नसेल तर ती डोकेदुखी तुमची होते.

मालक वारला असेल आणि मुलं गाडी विकत असतील, असं अशा गाड्यांच्या बाबतीत फार होतं. कॅलिफोर्नियात काही अटींवर, कोर्टाच्या प्रोबेटशिवाय (वारसाहक्क ठरवण्याच्या प्रक्रियेशिवाय), रेग ५ या प्रतिज्ञापत्रावर वारस गाडी हस्तांतरित करू शकतात. इतर राज्यांत आपापले फॉर्म आहेत. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची संमती आहे ना, हे आधी स्पष्ट विचारा. भावाभावांचं नंतर बिनसलं तर मध्ये तुम्ही सापडता.

टायटलवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र लागतं. कर्ज १९७० साली फिटलेलं असेल आणि ती बँक आता अस्तित्वातही नसेल, तरीही ते नाव निघाल्याशिवाय पुढं सरकू नका.

टायटलच नसेल तर? न्यू यॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देतच नाही. तिथं हस्तांतरित करता येणारं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा पुरावा. बऱ्याच राज्यांत हमीचा बाँड भरून बाँडेड टायटल मिळवता येतं. पण सर्वांत चांगला मार्ग म्हणजे विकणाऱ्याला सांगायचं, "तुमच्या नावावर डुप्लिकेट टायटल काढा, मग पैसे देतो." खऱ्या मालकाला हे काम सोपं असतं. तो टाळाटाळ करायला लागला तर त्यातच उत्तर आलं.

आता व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. सतरा अक्षरांचा ठरावीक व्हीआयएन १९८१ मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. पहिल्या पिढीच्या मस्टँगवर तो ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखालच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो; दाराची पट्टी हा दुय्यम पुरावा, कारण दार बदललेलं असू शकतं. पट्टी जुळली नाही तर कारण विचारा, पण ठोकलेला नंबर आणि टायटल जुळलं नाही तर तिथूनच मागं फिरा. पन्नाशीच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या काही गाड्यांची नोंद इंजिनाच्या नंबरावर झालेली असायची. अशा गाडीचं इंजिन मध्ये कधी बदललं असेल तर घोळ नक्की.

साध्या गाडीनं घेतलेलं महागड्या मॉडेलचं सोंगही हाच नंबर उघडं पाडतो. १९६६ ते १९६८ च्या खऱ्या पॉन्टिॲक जीटीओचा नंबर २४२ या आकड्यांनी सुरू होतो. त्या काळच्या मस्टँगच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. 'के' म्हणजे जास्त ताकदीचं २८९ घनइंची इंजिन, 'टी' म्हणजे १९६५-६६ मधलं साधं सहा सिलिंडरचं. चकचकीत बिल्ला कुणीही चिकटवू शकतो.

सौद्याच्या वेळी हातात हवं ते असं:

- सही केलेलं टायटल आणि दोघांच्या सह्यांचं बिल ऑफ सेल (तारीख, किंमत, व्हीआयएन, "जशी आहे तशी" हा उल्लेख)
- कर्ज असल्यास ते फिटल्याचं पत्र, वारसाहक्क असल्यास प्रतिज्ञापत्र
- जुनं रजिस्ट्रेशन, मिळाल्यास जुनी बिलं आणि मॅन्युअल
- विकणाऱ्याच्या लायसन्सची प्रत
- दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर तुमच्या डीएमव्हीचे (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचे) फॉर्म; कॅलिफोर्नियात टायटलच्या अर्जासाठी रेग ३४३ आणि नंबर पडताळणीसाठी रेग ३१

कॅलिफोर्नियातली गाडी असेल तर ती "प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन"मध्ये (रस्त्यावर चालवणार नाही, अशी) नोंदवली होती का, हे जरूर विचारा. नसेल तर मागची फी आणि दंड साचलेला असू शकतो, आणि तो आकडा भावात धरावा लागतो.

मैलांचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. त्या काळच्या बहुतेक मीटरवर मैलांची पाचच घरं असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य.

३. गंज: चुंबक, टॉर्च आणि जुनी पँट

जुनी पँट घाला, कारण गाडीखाली झोपायचंय. वरचा रंग बघून गाडी घेणारे आणि खालून बघून घेणारे, असे दोन तट आहेत. दुसऱ्या तटात जा.

आधी बांधणी समजून घ्या. इम्पाला, शेव्हेल किंवा पिकअपमध्ये खाली स्वतंत्र चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टनं बसवलेली. मस्टँग आणि साठच्या दशकातल्या बहुतेक डॉज-प्लिमथमध्ये बॉडी हाच सांगाडा. तिथं फ्लोअर आणि त्याखालच्या रेल कुजल्या तर गाडीचा कणाच गेला.

मस्टँगमध्ये सर्वांत छुपी जागा म्हणजे विंडशील्डसमोरच्या जाळीखालचा हवेचा कप्पा. त्यात पानं आणि पाणी साचून आतला पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी पायाशी येतं. मालकाची परवानगी घेऊन जाळीत एक तांब्या पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरा. थेंब दिसला तर विंडशील्डपुढचा अख्खा भाग उघडण्याचं काम आहे, हे धरून भाव करा. डिकीत चटई उचला. १९७० पर्यंतच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हाच डिकीचा तळ असतो.

व्हिनाइल छताच्या गाड्यांत मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर बोट दाबून बघा. व्हिनाइलखाली ओल धरून पत्रा पापडासारखा झालेला असतो. चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडांवर मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं लांबी (पुटी) भरलेली आहे. थोडी लांबी असणं गुन्हा नाही. अर्धं दार लांबीचं असेल तर मात्र रंगाखाली काय लपवलंय ते तुम्हाला कळलं.

चॅसीला आणि रेलना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. घट्ट, खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर टोक टोचून बघा, मालकाला विचारूनच.

४. सौदा आणि वाहतूक

भाव करताना "चालू झाली तर एवढी" असा हिशेब विकणारा करेल. तुम्ही बंद गाडीचाच भाव द्या. गहाळ भागांची यादी सोबत ठेवा. क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, काचा आणि बंपर नसतील तर ते जमवणं आणि पुन्हा क्रोम चढवून घेणं इंजिनापेक्षा महाग पडू शकतं.

गाडी फ्लॅटबेडवरच आणा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो जळतो. चाकं जाम असतील तर हवा भरून, ड्रमवर हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी बहुधा सुटतात. डिकीतला मूळ बंपर-जॅक आठवण म्हणून ठेवा, वापरू नका.

५. आधी सफाई

एअर क्लीनर, हीटरचा डबा, सीटच्या आत, सायलेन्सर: उंदरांनी घरटी केलेली असणारच. लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. डिअर माइस जातीच्या उंदरांमुळे हँटाव्हायरसचा धोका असतो. दारं उघडून गाडी हवेशीर होऊ द्या, हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्यानं सगळं भिजवा, मग पुसून काढा. ब्रेक ड्रममधली धूळही कधी हवेच्या दाबानं उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

६. हत्यारं

इंचातले पाने हवेत, मिलिमीटरचे नाहीत. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ हे चार सर्वांत जास्त लागतात. त्यांच्यासोबत ब्रेकच्या पाइपांसाठी फ्लेअर-नट पाना, टॉर्क पाना, लांब दांड्याचा ब्रेकर बार, मजबूत जॅक-स्टँड, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट, फीलर गेज, गंज सोडवणारं तेल आणि चालू स्थितीतलं अग्निशामक सिलिंडर. त्या वर्षाचं कंपनीचं शॉप मॅन्युअल आधी घ्या, हत्यारं नंतर घेतली तरी चालतील.

७. ब्रेक, इंजिनाच्या आधी

हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. पण चालू झालेली आणि न थांबणारी गाडी गॅरेजच्या भिंतीतून बाहेर जाते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकांमधले व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. रबरी होज बाहेरून ठीक दिसतात पण आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक लागतो आणि सुटत नाही. तपासत बसू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि होज सरळ नवे घाला. लोखंडी पाइप बारकाईनं बघा, गंजलेले असतील तर तेही. नवं डॉट ३ ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत या.

१९६७ मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर आला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एकच कप्पा असतो. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. रस्त्यावर चालवायची असेल तर दुहेरी बसवून घ्या. "ओरिजिनल ठेवायची" हा हट्ट इथं करू नये.

८. पेट्रोल: जुनं एक थेंबही नको

टाकीचं झाकण उघडा. वार्निशसारखा आंबट वास आला तर पेट्रोलचा डिंक झालेला आहे. टाकी खाली उतरवून धुवा. आत गंज असेल तर लोकप्रिय मॉडेलसाठी नवी टाकीच परवडते. सगळे रबरी पाइप बदला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. पाइप ३०आर९ दर्जाचा मागा.

इंजिनवरचा यांत्रिक पंप जुना असेल तर डिपस्टिक हुंगून बघा. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. वास आला तर पंप बदला, ऑइल बदला, मगच पुढं. कार्बोरेटर उघडून साफ करा आणि नवं गॅस्केट किट घाला. फोटो काढत उघडा. स्प्रिंग आणि बारीक गोळ्या उडून जातात.

९. इंजिन: आधी हातानं

स्टार्टर मारायचा मोह इथं सर्वांत जास्त होतो, आणि नुकसानही इथंच होतं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची कडा असेल तर स्टार्टरच्या जोरानं पिस्टनच्या रिंगा तुटतात. व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेले असतील तर पुशरॉड वाकतात.

सगळे प्लग काढा, कोणता कुठला ते लिहून ठेवा. प्रत्येक छिद्रात गंज सोडवणारं तेल टाका आणि काही दिवस तसंच मुरू द्या. मग क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून ब्रेकर बारनं हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका. किंचित पुढं, किंचित मागं, पुन्हा तेल, पुन्हा वाट. फिरायला लागलं की वरची झाकणं काढून बघा: प्रत्येक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) खाली जाऊन परत वर येतोय ना? एखादा खालीच राहिला तर तो व्हॉल्व्ह चिकटलाय.

आता ऑइल काढा. प्लग ढिला करताना आधी काय येतं ते बघा, कारण पाणी तळाशी बसतं. चमचाभर पाणी ओलाव्याचं असू शकतं. जास्त आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकला तडा, दोन्हींचा विचार करा.

डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवून घ्या, म्हणजे पहिल्या फेरीतच बेअरिंगना ऑइल मिळेल. शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये (छोट्या व्ही-८ इंजिनात) ड्रिल घड्याळाच्या दिशेनं, फोर्डच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये उलट. काढण्याआधी रोटरची दिशा खुणेनं नोंदवा. नव्या ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण पुरेसं हवं. त्या काळचे सपाट टॅपेट त्याशिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खातात.

१०. वीज आणि ठिणगी

बॅटरी जोडण्याआधी ती किती व्होल्टची हवी ते बघा. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या आणि १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेलं. शेवरले १९५५ साली १२ व्होल्टवर गेली, फोर्ड १९५६ साली. वायरींचं वेष्टण कडक होऊन तडकलेलं असेल तर आग तिथून लागते. बॅटरीला जोडणी हातानं तोडता येणारा स्विच लावा आणि काम नसताना बंद ठेवा.

पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) ऑक्साइडचा थर चढलेला असतो. नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवून गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा. प्लगच्या वायरींचा क्रम पाठ करण्यापेक्षा तपासा: शेवरले स्मॉल-ब्लॉक १-८-४-३-६-५-७-२, फोर्ड २८९ चा १-५-४-२-६-३-७-८. शेवरलेत १, ३, ५, ७ हे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला; फोर्डमध्ये १ ते ४ प्रवाशाच्या बाजूला. शेवरलेवर शिकलेला माणूस फोर्डवर नेमका इथं अडखळतो.

११. पहिली सुरुवात

गाडी बाहेर आणा किंवा गॅरेजचं दार पूर्ण उघडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चाकांपुढं-मागं ठोकळे लावा. रेडिएटरमध्ये पाणी भरा. हीटरचे पाइप सध्या वळसा घालून जोडा, कारण हीटरचा गाभा फुटलेला असेल तर सगळं पाणी गालिच्यावर येतं. पेट्रोल बोटीच्या छोट्या बंद टाकीतून पंपाला द्या. उघड्या बाटलीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतणाऱ्यांच्या भुवया जळालेल्या असतात. अग्निशामक हाताशी आणि तो धरणारा एक माणूस सोबत.

कॉइलची वायर काढून, प्लग न लावता आधी स्टार्टर मारा आणि ऑइलचा दाब येतोय का ते बघा. मग प्लग, मग कॉइल. कार्बोरेटरमध्ये डोकावून थ्रॉटल ओढला की पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे.

सुरू झाली की धूर येणारच. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळतंय. ऑइलचा दाब काही सेकंदांत आला नाही तर बंद करा. टप टप आवाज थोड्या वेळानं शांत होतो, खोल ठोक्याचा आवाज मात्र शांत होत नाही. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या आणि वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र व ब्लॉकच्या बाजूचे फ्रीझ-प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) गळतात का बघा. थंड झाल्यावर पाणी काढून नवं कूलंट भरा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. कुत्र्या-मांजरांना ते विषारी आहे.

ऑटोमॅटिक गिअरचं तेल गाडी उभी असताना खाली उतरतं आणि डिपस्टिकवर जास्त दिसतं. ते इंजिन गरम आणि चालू असताना मोजा. क्रायसलरच्या गाड्यांत न्यूट्रलमध्ये, बहुतेक इतरांत पार्कमध्ये.

१२. रस्त्यावर

टायर कितीही जाड दिसोत, बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ मधला २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. बदला.

विमा नेहमीच्या कंपनीकडून घेण्याआधी क्लासिक गाड्यांचा विमा देणाऱ्यांना विचारा. तिथं ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळते. साध्या पॉलिसीत घसारा धरून हातावर चिल्लर टेकवतात. त्या बदल्यात बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी, अशा अटी असतात. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी लागत नाही. बऱ्याच राज्यांत २५ वर्षांपुढच्या गाड्यांना हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, पण तिच्यावर गाडी किती आणि कशासाठी चालवायची याची बंधनं असतात, घेण्याआधी वाचा.

पहिली फेरी घराभोवती, हळू, दिवसा, मोबाइल आणि पाने बरोबर घेऊन. परत आल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा, ड्रमला हात जवळ नेऊन कोणतं चाक जास्त तापलंय ते बघा, आणि खाली पुठ्ठा पसरून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग बघून पुढच्या आठवड्याचं काम ठरवा: लाल म्हणजे गिअरचं तेल, हिरवं म्हणजे कूलंट, काळं म्हणजे इंजिन ऑइल, आणि मागच्या चाकाजवळ पातळ, जवळजवळ बिनरंगी डाग असेल तर ब्रेक ऑइल. तो सापडला तर किल्ली खिशात ठेवा आणि सातव्या पायरीवर परत जा.